मध्यंतरानंतरची रिकामी खुर्ची

४ मार्च

प्रिय मामा,

शनिवारी जे घडलं ते असं:

१. आपण सामन्याच्या बऱ्याच आधी स्टेडियममध्ये पोचलो. खुर्च्या शेजारीशेजारी होत्या. तुझी कडेची, माझी आतली.

२. खिसेकापूंच्या भीतीने तू फोन, पाकीट आणि तिकीट माझ्या पिशवीत ठेवायला दिलंस. ट्रामचा पास तेवढा शर्टाच्या खिशात ठेवलास.

३. पूर्वार्धात गोल झाला नाही.

४. मध्यंतर झालं तसा तू उठलास. "आलोच," म्हणालास.

५. तू आला नाहीस.

६. उत्तरार्धात गोल झाला. यजमान संघाने केला, म्हणजे आपल्या स्टँडमधले सगळे ज्यांच्या बाजूचे होते त्यांनी. माझ्या पलीकडच्या अनोळखी बाईने मला मिठी मारली.

७. सामना संपला. मी जागेवर बसून राहिले. स्टँड रिकामा झाला. कचरा गोळा करणारे माझ्या रांगेपर्यंत आले आणि त्यांनी मला उठवलं.

८. मी हॉटेलवर पोचले तेव्हा तू पायरीवर बसला होतास. म्हणालास, "गोल झकास झाला." मी म्हणाले, "हो."

९. परतीच्या विमानात तू झोपलास. किंवा डोळे मिटून बसलास.

हे लिहायचं कारण असं की फोनवर तू "जेवलीस का" विचारतोस आणि फोन मामीकडे देतोस. आणि मीही "हो, जेवले" म्हणते. तेवढ्यावर ही गोष्ट मिटणार नाही.

मी जागेवरून का हलले नाही, ते तुला सांगायला नको. लहानपणी मी प्रदर्शनात हरवले होते, तेव्हा तूच नियम केलास: हरवेल त्याने हलायचं नाही, दुसऱ्याने शोधत यायचं. या वेळी आपल्यापैकी हरवलेलं कोण, हेच मला ठरवता येईना. म्हणून बसून राहिले.

बाकीचे दिवस चांगले गेले. मनोऱ्यावरून तू सगळ्या शहराचे रस्ते बोटाने मोकळे करून दाखवलेस. नदीतल्या बोटीत तुला थंडी वाजत होती, पण कबूल केलं नाहीस. वाहनांच्या संग्रहालयात त्या जुन्या लाल बसच्या स्टिअरिंगसमोर तू इतका वेळ उभा राहिलास की मागच्या लोकांना वाटलं, तू प्रदर्शनाचाच भाग आहेस. म्हणूनच शनिवारचं कळत नाही.

दोन प्रश्न आहेत. तू का गेलास? आणि जर गेलास, तर गोल झकास झाला हे तुला कसं कळलं?

तुझी भाची


९ मार्च

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नऊ मुद्दे वाचून मामी म्हणाली, "पोरीने तुझा पंचनामा केलाय." मी म्हटलं, केला तर केला, अक्षर बघ किती सुरेख आहे.

आता तुझे प्रश्न. मला जरा कोंडल्यासारखं झालं. एवढी माणसं, एवढा आवाज, ढोल की काय ते डोक्याशी. म्हटलं, बाहेर जाऊन चहा घ्यावा. चहा काही मिळाला नाही. समोर ट्राम उभी होती, बसायला जागा होती, बसलो. ती मला घेऊन गेली थेट शेवटच्या थांब्यावर. मॅचच्या दिवशी ती मधे थांबतच नाही, हे मला कोण सांगणार?

शेवटचा थांबा म्हणजे ट्रामचा डेपो. तिथे ड्रायव्हर लोकांची खोली. मी दारात उभा, तर आत पाचसहा जण टीव्हीसमोर. एकाने हातवारे करून विचारलं, काय पाहिजे. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवून दाखवलं, क्लच दाबला, गिअर टाकला आणि छातीवर हात ठेवला. झालं. लगेच खुर्ची सरकवली. एकाने मला विचारलं, किती वर्षं, म्हणजे बोटांनी विचारलं. मी केसांकडे बोट दाखवलं. सगळे हसले. तर गोल मी तिथे बघितला. टीव्हीवर तीनदा दाखवतात, तुझ्या खुर्चीवरून एकदाच. त्यामुळे तुझ्यापेक्षा मलाच जास्त दिसला.

मग त्यांच्यातल्या एका ठेंगण्याने माझ्या खिशातल्या हॉटेलच्या किल्लीला लावलेली पट्टी वाचली आणि आपल्या गाडीतून हॉटेलच्या थांब्यावर सोडलं. निरोप घेताना आम्ही दोघांनी एकमेकांना हॉर्न वाजवून दाखवला. तोंडाने.

बाकी तुझं कौतुक करायचं राहिलं. मी जन्मभर बस चालवली आणि माझ्या घरात वाढलेल्या मुलीला डावं-उजवं कळत नाही, हे माझं दुःख. शाळेतून येताना दुधाच्या दुकानाशी डावीकडे वळायचं, तर तू रोज उजवीकडे वळून पोस्टात जाऊन बसायचीस. पोस्टमास्तरांनी तुझ्यासाठी स्टूल राखून ठेवलं होतं. तुझ्या आईचं, माझ्या बहिणीचं, हेच. ती गेली आणि तू आमच्याकडे आलीस, तेव्हा मामी पहिल्याच आठवड्यात म्हणाली, खोड रक्तातली आहे, शिकवून जायची नाही. पण त्या परक्या शहरात तू एकदाही चुकली नाहीस. कुठल्या दाराने उतरायचं, कुठला जिना, सगळं पाठ. शाब्बास.

थंडी वाजत नव्हती. वारा होता.

तुझा मामा


१३ मार्च

प्रिय मामा,

तुझ्या पत्रात चार गोष्टी जुळत नाहीत.

चहाची टपरी आपल्या स्टँडच्या जिन्याखालीच होती. आत शिरताना तूच ती मला दाखवलीस, आणि "महाग असणार" म्हणालास. पाकीट माझ्याकडे असताना तू चहा घेणार कशाने? गर्दीने कोंडलेला माणूस ट्राममध्ये चढत नाही. आणि पास तू आधीच खिशात वेगळा ठेवला होतास. म्हणजे जायचं ठरलेलं होतं.

मला वाटतं तुला काहीतरी होतं आहे आणि तू लपवतो आहेस. छातीत दुखलं का? मनोऱ्याच्या पायऱ्यांवर तू तीनदा "देखावा बघायला" थांबलास. दोन ठिकाणी खिडकीच नव्हती. मामीला वेगळं लिहिते आहे. तपासणी करून घे आणि कागद मला पाठव. मला ते वाचता येतात.

रस्ता न चुकण्याचं म्हणशील, तर मी नकाशा आधी पाहून ठेवला होता.

इथे सगळं नेहमीसारखं. प्रयोगशाळेत गेला आठवडाभर एका जुन्या पुलाच्या तुळईचा तुकडा आणून ठेवला आहे. आम्ही त्याला हलवतो आणि तो किती वेळ हलत राहतो ते नोंदवतो. खोलीची खिडकी घरमालकांनी अजून दुरुस्त केलेली नाही, म्हणून तिच्यात पुठ्ठ्याची घडी घातली आहे. ती बरी चालते.

डेपोतल्या ठेंगण्या ड्रायव्हरचे आभार तू मानलेस का?

तुझी भाची


१७ मार्च

लाडके,

तुझ्या मामाला मी ओढत डॉक्टरकडे नेलं. हृदय, रक्त, साखर, सगळं बघितलं. डॉक्टर म्हणाले, यांचं काही नाही, वजन तेवढं कमी करा. घरी येताना स्वारी म्हणते, "बघ, फुकट गेले पैसे." म्हटलं, दोष निघाला असता तर वसूल झाले असते का? कागद सोबत पाठवते, वाच आणि स्वस्थ झोप. मनोऱ्यावर तो दमला होता एवढंच. दमलो म्हणायला त्याची जीभ झडते.

आता मी विचारते. तुमच्या दोघांचं काय चाललंय? तो परत आल्यापासून रोज संध्याकाळी मोबाइल लावून त्या लोकांची भाषा शिकतो. आरशासमोर उभा राहून म्हणतो. परवा पोळ्या लाटता लाटता माझ्याही तोंडात बसलं, "ही ट्राम स्टेडियमकडे जाते का?" मी विचारलं, तुला आता कुठली ट्राम पकडायची आहे? तर म्हणाला, "असू दे. कामाला येईल."

शेजारच्या प्राध्यापकांकडून मोठी बॅग मागून आणली आहे. कशाला, तर म्हणे बघून ठेवतो, चाकं कशी आहेत.

मी फार खोदलं तेव्हा एवढंच म्हणाला, "पोरगी सांगेल तेव्हा सांगेल. तू लिहू नकोस." म्हणून मी लिहिते आहे. मला पोटात ठेवता येत नाही, तुला माहीत आहे. तू त्याला काय सांगायचं आहेस? लग्नबिग्न ठरवलं असशील तर मुलगा कसाही असो, आधी मला सांग. मामाला मग सांगू.

खिडकीत पुठ्ठा काय घालतेस, पोरी? मालकाला दम दे. नाहीतर मला फोन लावून दे त्याच्याशी.

मामी


२० मार्च

प्रिय मामा,

मामीला सांग, लग्न नाही.

सांगायचं होतं ते हे. ज्या शहरात आपण गेलो, तिथे मी नोव्हेंबरमध्ये आधी एकदा जाऊन आले होते. तुम्हाला सांगितलं होतं की कामासाठी दुसऱ्या गावी जाते आहे. मुलाखत होती. स्टेडियम, पूल, मोठी सभागृहं, जिथे खूप माणसं एकदम हलतात, अशा इमारतींची कंपनं मोजणारी एक संस्था आहे. त्यांनी मला चार दिवस कामावर ठेवून पाहिलं. त्यातले दोन दिवस मी त्याच स्टँडच्या पोटात होते. आपण ज्या रांगेत बसलो होतो तिच्याखाली लावलेल्या सेन्सरपैकी काही मी बसवलेले आहेत. म्हणून मला जिने पाठ होते. रोज चुकले होते तेव्हा. पहिल्या दिवशी दुसऱ्याच इमारतीत जाऊन बसले होते. तिथल्या बाईने मला खुर्ची दिली.

त्यांनी मला नोकरी देऊ केली आहे. आधी दोन वर्षं, नंतर बहुधा पुढेही.

सामन्याची तिकिटं ऑफिसच्या सोडतीत लागली असं मी सांगितलं होतं. सोडत नव्हती. त्या संस्थेने पाठवली होती, घरच्या कोणालातरी घेऊन या, शहर दाखवा, म्हणून. मी ठरवलं होतं की उत्तरार्धात, गोल झाला की, सांगायचं. त्या वेळी सगळे उठलेले असतात. खालचं काँक्रीट हलतं. मी तुझा हात धरून तुला ते दाखवणार होते, आणि हे मोजायचं काम मला मिळतं आहे, असं म्हणणार होते. वाक्य तयार होतं.

गोल झाला तेव्हा स्टँड अपेक्षेइतका हलला. तुझ्या खुर्चीवर कोणीतरी कोट टाकला होता.

मला वाटलं, तुला कुठून तरी कळलं आणि राग आला, म्हणून निघून गेलास. मग तब्येतीची शंका आली. तुझी तपासणी ठीक निघाली आणि तुझं ते "शाब्बास" पुन्हा वाचलं. आता खात्री आहे. तुला माहीत होतं आणि तू खुर्ची सोडून गेलास. याचा अर्थ मला एकच लावता येतो.

तेव्हा मी नकार कळवायचं ठरवलं आहे. त्यांना महिनाअखेर उत्तर हवं आहे. इथलं काम वाईट नाही. दोन-तीन वर्षांत माझ्याकडे विभाग येईल. तुम्ही दोघे रात्रीच्या गाडीने सकाळी पोचू शकता, किंवा मी.

तू लपवलंस म्हणून चिडायचा मला हक्क नाही, हे मला समजतं. मीच आधी लपवलं.

तुझी भाची


२४ मार्च

चि. मोजपट्टी,

हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत त्यांना काही कळवू नकोस. मामी म्हणत होती फोन कर. मी केला, तू उचललास, आणि मी विचारलं जेवलीस का. तेव्हा लिहितोच.

पहिलं. राग आला नव्हता. आला होता, पण तेवढ्यासाठी नव्हे. तुझ्या त्या सोडतीच्या थापेचं मला लागलं. मी गल्लीभर सांगत सुटलो होतो, आमच्या पोरीचं नशीब बघा, कधी नाही ते बक्षीस लागलं. ते जाऊ दे. आता सांगेन, नशिबाने नाही, कामाने मिळालं. ते जास्त चांगलं आहे.

दुसरं. तुला वाटतं मला रस्त्यांवरून कळलं. शंका तिथेच आली, खरं आहे. विमानतळाच्या बाहेर आलो आणि तू न थांबता डावीकडे वळलीस, तिथेच मी मनात म्हटलं, ही इथे येऊन गेलेली आहे. पण खात्री मॅचमध्ये पटली. सगळे मैदानाकडे बघत होते. तू पायाखाली बघत होतीस. लोक उड्या मारायला लागले की तू तळवा खुर्चीखालच्या सिमेंटला लावायचीस आणि डोळे अर्धे मिटायचीस. मी तसा इंजिनाला हात लावायचो. डेपोतले मेकॅनिक हसायचे मला. ते तोंड मी ओळखतो. म्हटलं, हिला हे काम मिळालेलं आहे आणि हिला ते हवं आहे, आणि ही मला सांगायला घाबरते आहे.

विचारणार होतो. पण विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस आणि त्याच दमात "मी जात नाही" असंही म्हणाली असतीस. आता पत्रात म्हणालीसच ना?

तर मी का गेलो ते ऐक. पाच दिवस मी तुझ्या मागे मागे चाललो. तू तिकीट काढ, तू दार सांग, तू बोल. जन्मभर माझ्या मागे माणसं बसली आणि तिथे मीच मागे बसलो. मला एकच भीती वाटली. तू तिथे गेलीस आणि मला एकट्याला यावंसं वाटलं, तर येता येईल का? की दर वेळी तू रजा काढून विमानतळावर उभी राहणार, आणि मग हळूहळू मीच म्हणणार, नको, पोरीला त्रास? म्हटलं, आत्ताच बघून घेऊ. मध्यंतरात हॉटेलच्या दिशेने एक थांबा पुढे जायचं, पलीकडून ट्राम धरून परत यायचं. तू विचारलंस तर चहा म्हणून सांगायचं. पास त्यासाठी वेगळा ठेवला होता. बरोबर ओळखलंस.

आणि मी चुकलो. मी. नंबर बरोबर, थांबा बरोबर, दिशा उलटी. हॉटेलकडे जायचं म्हणून मी डाव्या कडेला जाऊन उभा राहिलो. आपल्याकडे पुढे जाणारी गाडी डाव्या कडेला येते. जन्मभर तिथेच उभी केली मी. त्यांच्याकडे सगळंच उजवीकडून. डोक्याला माहीत होतं, पायांना नव्हतं. डेपोच्या फाटकातून गाडी आत वळली तेव्हा कळलं. परत यायचं तर तिकीट तुझ्या पिशवीत, हेही निघताना डोक्यात आलं नव्हतं. आत कोण सोडणार?

आपला तो नियम मला आठवत होता. तिथे खोलीत बसून सारखं तेच डोक्यात, की पोरगी जागेवरून हलणार नाही. गोल झाल्यावर ते सगळे नाचले, मलाही नाचवलं. मी नाचलो आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं. ठेंगण्याला वाटलं आनंदाने. होतंच थोडं तसं. पायरीवर तुला हे सांगायला पाहिजे होतं. पण रस्ता चुकलो, हे मला तुझ्यापुढे म्हणवेना. आणि ज्या गोष्टीसाठी गेलो होतो ती जमली नव्हती. म्हणून गोल झकास झाला म्हणालो.

तर आता असं. नकार देऊ नकोस. हे मी मोठेपणाने म्हणत नाही. तुझं ते "रात्रीच्या गाडीने सकाळी पोचू" वाचून माझा जीव कळवळला, कारण मला तेच हवं आहे. पण सिमेंटला हात लावलेलं तुझं तोंड मी बघितलं आहे. ते बघितल्यावर इथे थांब म्हणणारा मामा मला व्हायचं नाही.

मी शिकतो आहे. मामी तुला बोललीच असेल, तिच्या पोटात काही राहत नाही. "उजवीकडे" हा त्यांचा शब्द मी रोज म्हणतो आणि म्हणताना उजव्या कडेला सरकतो. मामी म्हणते, स्वयंपाकघरात सरकू नकोस.

मनोऱ्यावर दमलो होतो. बोटीत थंडी वाजत होती. झालं समाधान?

तुझा मामा


३० मार्च

प्रिय मामा,

पत्र पोचलं. मी होकार कळवला आहे. जूनमध्ये रुजू व्हायचं आहे.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत वाचलं. सोबतच्याने विचारलं, काय झालं. मी म्हणाले, सर्दी.

सोडतीबद्दल चुकले. पुन्हा असं करणार नाही.

झालं असं की तू मागे चालत होतास ते मला दिसत होतं, पण मला वाटलं तू खूश आहेस, कारण कुरकुर करत नव्हतास. आता पुढच्या वेळी तू पुढे चाल. मी चुकेन. नोव्हेंबरमध्ये पाठ केलेला एवढाच भाग आहे. बाकीच्या शहरात मला आपल्या पोस्टाइतकंच कळतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी त्याच मैदानावर पुढचा आंतरराष्ट्रीय सामना आहे. संस्थेकडून दोन खुर्च्या मिळतील, मामी येणार असेल तर तीन. तीच रांग मागितली आहे. मी त्या दिवशी सकाळपासून स्टँडखाली कामावर असेन, त्यामुळे विमानतळावर येणार नाही. ठरवूनच येणार नाही. विमानतळाच्या बाहेर डावीकडे वळून पिवळ्या ट्रामने यायचं. स्टेडियमकडे जाणारी उजव्या कडेला येते. तू चुकलास तर डेपोत जा, मी ठेंगण्याला जाऊन भेटणार आहे. तिकीट या वेळी तुझ्या खिशात असेल.

सामना सुरू व्हायच्या आधी मी वर येऊन आतल्या खुर्चीवर बसेन. कडेची तुझी. कोणाला कोट टाकू देणार नाही. गोल झाला की तळवा खाली टेक, मी दाखवते ते काय असतं.

मामीला सांग, खिडकी मालकांनी दुरुस्त केली. तिने त्यांना फोन केला होता हे मला कळलं आहे.

खुर्च्यांची संख्या मला संस्थेला कळवायची आहे. दोन की तीन, आणि तू एकटा प्रवास करणार की मामीबरोबर, एवढं लिही. गुरुवार, १५ एप्रिलपर्यंत उत्तर माझ्या हातात पडेल असं पाठव.

तुझी भाची